उंदीर बांधावरच राहणार आहे

निवासी डॉक्टर असताना वॉर्डात तापाचा रुग्ण आला की मी केसपेपरवर लिहायचो : ताप चार दिवस, अंगदुखी, डोळे लाल, लघवी कमी. आमचे सर राउंडला येत, कागद वाचत आणि मला काही न विचारता रुग्णालाच विचारत, ‘‘दादा, काम काय करता?’’ एकदा पन्नाशीच्या एका शेतकऱ्याने उत्तर दिले, ‘‘भाताची लावणी चाललीय साहेब, आठ दिवस चिखलातच आहे.’’ सर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘निदान यांनी केलंय. आता तू लिही.’’ तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदराच्या लघवीतून चिखलात आणि चिखलातून पायाच्या भेगांमधून रक्तात, असा त्याचा प्रवास.

त्यानंतर सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढली, पण तापाच्या रुग्णाला हा प्रश्न विचारायचा मी चुकवत नाही. तो किती दूरवर लागू पडतो याचे सर्वांत चांगले उदाहरण मला आपल्याकडचे नाही, अर्जेंटिनातले वाटते. तिथल्या एका रानउंदराची आणि त्याने पसरवलेल्या तापाची हकिगत आज सांगतो. ती सत्तर वर्षांची आहे आणि अजून संपलेली नाही. ती का संपलेली नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

अर्जेंटिनाच्या मध्यभागी पम्पास नावाचा सपाट, सुपीक प्रदेश आहे. मुळात हा गवताचा माळ. तिथे शेते आली, मका आणि गहू आला, पुढे सोयाबीन आले. १९५० च्या दशकात ब्युनोस आयर्स प्रांतातल्या गावांमध्ये दर वर्षी मक्याच्या काढणीच्या दिवसांत एक विचित्र ताप येऊ लागला. १९५५ मध्ये ब्रागादो या गावातले डॉक्टर रोडोल्फो आरिबाल्सागा यांनी अनोळखी कारणाचा नवा साथीचा आजार म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शेतकरी त्याला काढणीनंतर रानात उरणाऱ्या धसकटांचा आजार म्हणत. वैद्यकात त्याला अर्जेंटाइन रक्तस्रावी ताप हे नाव मिळाले.

रुग्ण कोण होते? बहुतेक २० ते ६० वयाचे पुरुष, मक्याच्या रानात राबणारे. पुरुषांचे प्रमाण बायकांच्या कितीतरी पट. आजार घरात पसरत असता तर बायका-मुले त्यातून सुटली नसती. म्हणजे जे काही होते ते रानात होते, घरात नव्हते. ‘काम काय करता’ या प्रश्नाचे उत्तर साथीच्या आकड्यांतच लिहिलेले होते.

आजाराचे चित्र आपल्याकडच्या डॉक्टरांना ओळखीचे वाटेल. लागण झाल्यावर साधारण ६ ते १४ दिवसांनी ताप, अंगदुखी, डोकेदुखी, भूक न लागणे. चेहरा आणि डोळे लाल, हिरड्यांच्या कडा लालभडक, काखेत आणि टाळूवर रक्ताचे बारीक ठिपके. रक्त तपासले तर प्लेटलेट एक लाखाच्या खाली आणि पांढऱ्या पेशीही घटलेल्या. इथपर्यंत हा डेंग्यू म्हणून खपेल. पण याच्या जोडीला जीभ आणि हात थरथरतात, माणूस मंदावतो. दुसऱ्या आठवड्यात बहुतेक रुग्ण सुधारू लागतात. मात्र २० ते ३० टक्के रुग्णांना रक्तस्राव, झटके, बेशुद्धी किंवा शॉक गाठतो. उपचार नसताना या तापाने शंभरातले १५ ते ३० रुग्ण दगावत.

१९५८ मध्ये हुनीन शहराच्या परिसरात मोठी साथ आली आणि त्याच वर्षी रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा काढण्यात आला. शहराच्या नावावरून त्याला हुनीन विषाणू म्हणतात. पुढच्या शोधात त्याचे मूळ घर सापडले : कॅलोमिस मस्क्युलिनस नावाचा छोटा रानउंदीर. स्थानिक लोक त्याला मक्याचा उंदीर म्हणतात.

हा उंदीर आपल्या घुशीसारखा धिप्पाड नाही. वजन फार तर १५-२० ग्रॅम, म्हणजे चमचाभर धान्याएवढे. रात्री फिरतो, गवताचे बी, धान्य, किडे खातो. आयुष्य बहुधा वर्षभराचेही नसते. वसंतात वीण सुरू होते आणि पिल्लांची भर पडत पडत शरद ऋतूत, म्हणजे तिथल्या एप्रिल-मे-जूनमध्ये, त्यांची संख्या शिगेला पोचते. हिवाळ्यात बहुतेक मरतात. दक्षिण गोलार्धातले ऋतू आपल्या उलट असल्याने मक्याची काढणीही नेमकी याच महिन्यांत येते. उंदीर सर्वांत जास्त असतात तेव्हाच माणसे रानात सर्वांत जास्त असतात.

पण संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे तो त्याचा पत्ता. संशोधकांनी वर्षानुवर्षे पम्पासमध्ये पिंजरे लावून, उंदीर पकडून, खुणा करून, सोडून, पुन्हा पकडून हा पत्ता शोधला. हा उंदीर नांगरलेल्या शेताच्या मधोमध फारसा राहत नाही. तिथे त्याचाच एक भाऊबंद, कॅलोमिस लाउचा, अधिक आढळतो. मक्याच्या उंदराला आवडते ती शेताची कड. कुंपणाखालची न कापलेली गवताची पट्टी, रस्त्याची बाजू, रेल्वेमार्गालगतचे तण. आपल्या भाषेत सांगायचे तर हा बांधावरचा उंदीर आहे. पीक उंच झाले, आडोसा मिळाला की तो बांधावरून आत शिरतो. काढणी झाली, रान उघडे पडले की पुन्हा बांधावर परततो. बांध हे त्याचे कायमचे घर आणि शेत हे हंगामी.

यातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. माणसाने जमीन नांगरली म्हणून हा उंदीर नाहीसा झाला नाही. उलट त्याचे फावले. सलग गवताळ माळाची आपण चौकटी-चौकटींची शेते केली, तेव्हा या चौकटींच्या हजारो किलोमीटर लांबीच्या कडाही तयार झाल्या. अशा मोडतोड झालेल्या जागी पटकन वाढणारा, पटकन मरणारा हा जीव आहे. त्याच्यावर गुन्हेगाराचा शिक्का मारण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी घर आपणच बांधले.

विषाणू एका उंदराकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः लाळेतून आणि लघवीतून. एकमेकांशी येणाऱ्या संबंधांतून आणि भांडणांतून. प्रत्येक उंदीर बाधित नसतो. एखाद्या पट्टीत अनेक बाधित सापडतात, शेजारच्या पट्टीत एकही नाही. काही उंदीर मात्र विषाणू दीर्घकाळ अंगात बाळगतात आणि बाहेर टाकत राहतात. माणूस यात चुकून सापडतो. वाळलेल्या लघवीची धूळ श्वासातून जाते, हाताच्या चिरांतून विषाणू शिरतो. हाताने कणसे खुडणाऱ्या मजुराला धोका होताच. पुढे काढणीची यंत्रे आली तरी तो टळला नाही. यंत्र पिकाबरोबर उंदरालाही चिरडते आणि धुरळा उडवते. त्या धुरळ्यात चालक बसलेला असतो.

आता प्रश्न येतो उपायाचा. उंदरामुळे आजार होतो तर उंदीर मारा, असे कुणीही म्हणेल. हा उपाय एका ठिकाणी खरोखर चालला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या बोलिव्हियात, सान होआकिन या गावात अशाच रक्तस्रावी तापाने थैमान घातले. विषाणू वेगळा, पण त्याच कुळातला. माचुपो त्याचे नाव. उंदीरही याच कुळातला, कॅलोमिस कॅलोसस. त्याचा शोध घेणाऱ्या पथकातले अमेरिकी डॉक्टर कार्ल जॉन्सन आणि रॉन मॅकेन्झी स्वतः या तापाने आजारी पडले आणि वाचले. मात्र बोलिव्हियातला उंदीर घरात शिरला होता. गावातल्या मांजरी मेल्या होत्या; मलेरियासाठी फवारलेल्या डीडीटीमुळे त्या मेल्या असे मानले गेले. मग घरोघरी पिंजरे लावून उंदीर पकडण्यात आले आणि साथ थांबली. ना लस, ना औषध, फक्त पिंजरे.

पम्पासमध्ये हेच का केले नाही? कारण तिथला उंदीर घरात नाही, बांधावर आहे. एका गावातल्या काही शे घरांत पिंजरे लावता येतात. पम्पासमध्ये रोगाचा टापू १९५८ मध्ये १६ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होता, तो पसरत पसरत दीड लाख चौरस किलोमीटरच्या घरात गेला. महाराष्ट्राचा जवळजवळ निम्मा आकार. एवढ्या मुलखाच्या प्रत्येक बांधावर पिंजरे कोण लावणार? विष टाकले तर त्या उंदरांवर जगणारी घुबडे आणि इतर शिकारी प्राणी मरणार, आणि पुढच्या हंगामात उंदीर पुन्हा हजर. एकाच कुळातले दोन उंदीर. एक घरात राहतो म्हणून पिंजरा पुरतो, दुसरा रानात राहतो म्हणून पुरत नाही. साथ आली की आपल्याकडे आधी फवारणी होते आणि मग प्राणी कोणता, तो राहतो कुठे, याची चौकशी होते. हा क्रम उलटा असायला हवा.

उंदीर हटवता येत नाही म्हटल्यावर उरले दोन मार्ग : आजारी माणसाला वाचवणे आणि निरोग्याला आजारी पडू न देणे. या दोन्हींवर काम झाले ते राजधानीतल्या झगमगीत रुग्णालयात नव्हे, तर मक्याच्या पट्ट्यातल्या पेर्गामिनो या गावात. हुलिओ मायस्तेगी नावाचे डॉक्टर अमेरिकेत संसर्गजन्य रोगांचे शिक्षण घेऊन मायदेशी परतले आणि या गावात ठाण मांडून बसले. १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हा एक आजार सोडला नाही. तिथली राष्ट्रीय संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

या तापातून बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णांना दिला तर ते वाचतात, असे तिथल्या डॉक्टरांना वाटत होते. वाटणे आणि असणे यात फरक असतो. मायस्तेगी आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. काही रुग्णांना बरे झालेल्यांचा प्लाझ्मा, काहींना साधा प्लाझ्मा. कुणाला कोणता हे डॉक्टरलाही ठाऊक नाही. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : साधा प्लाझ्मा मिळालेल्यांत मृत्यू १६.५ टक्के, बरे झालेल्यांचा मिळालेल्यांत १.१ टक्का. अट एकच, तो आजाराच्या पहिल्या आठ दिवसांत मिळायला हवा. त्यामुळे खेड्यातल्या डॉक्टरने ताप लवकर ओळखणे हाच उपचाराचा अर्धा भाग झाला.

हे वाचताना २०२० आठवल्याशिवाय राहत नाही. कोविडच्या काळात प्लाझ्मासाठी नातेवाइकांनी गावे पालथी घातली. आमच्या वॉर्डाबाहेर हात जोडून उभी असलेली मुले मी पाहिली आहेत. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर चाचणी केली तेव्हा त्याचा लाभ दिसला नाही. एका तापात प्लाझ्मा जीव वाचवतो, दुसऱ्यात नाही. तपासल्याशिवाय हे कळत नाही. ती तपासणी पेर्गामिनोसारख्या गावात, शेतमजुरांच्या आजारासाठी, इतक्या शिस्तीने झाली याचे मला फार अप्रूप वाटते.

लसीची गोष्ट आणखी बोलकी आहे. अशी लस कोणती खासगी कंपनी बनवेल? गिऱ्हाईक कोण, तर एका देशाच्या तीन-चार प्रांतांतले शेतमजूर. यात नफा नाही. ‘कँडिड १’ ही लस तयार झाली ती अर्जेंटिनाचे आरोग्य मंत्रालय, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि अमेरिकी लष्कराची फोर्ट डेट्रिक इथली संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून. तिथे काम करणारे अर्जेंटिनी शास्त्रज्ञ हुलिओ बारेरा ओरो यांचा त्यात मोठा वाटा. लष्कराचा रस अर्थातच मजुरांपेक्षा स्वतःच्या सैनिकांत होता. पण लस झाली. १९८८ ते १९९० या काळात सांता फे प्रांतातल्या ६,५०० शेतकामगारांवर तिची चाचणी झाली. निम्म्यांना लस, निम्म्यांना लसीसारखे दिसणारे निष्क्रिय इंजेक्शन. हा ताप झाला २३ जणांना. त्यांतले २२ लस न मिळालेले आणि एक लस मिळालेला. परिणामकारकता ९५ टक्के.

एवढे झाल्यावर प्रश्न मिटला असे वाटेल. मिटला नाही. अमेरिकेत बनलेला लसीचा साठा मर्यादित होता. १९९१ पासून तो जपून वापरत दोन लाखांहून अधिक लोकांना टोचण्यात आले. साठा कायम पुरणार नव्हता, म्हणून पेर्गामिनोच्या संस्थेने स्वतःच लस बनवायचे ठरवले. चाचणी संपली १९९० मध्ये. देशी लसीला परवाना मिळाला २००६ मध्ये. सोळा वर्षे. त्यानंतर १५ वर्षांवरील लोकांसाठी रोगग्रस्त टापूत ती राष्ट्रीय लसीकरणात आली. एके काळी वर्षाला शेकड्यांनी, काही वर्षी हजारांनी होणारे रुग्ण आता मोजक्या डझनांवर आले आहेत.

आणि माझा खरा मुद्दा इथे सुरू होतो. गोवर किंवा पोलिओची लस पुरेशा लोकांना दिली की विषाणूला नवा माणूस मिळत नाही आणि साखळी तुटते. देवी अशाच गेल्या. पण हुनीन विषाणू माणसावर जगत नाही, उंदरावर जगतो. माणसाकडून माणसाला तो क्वचितच जातो. त्यामुळे गावातल्या ९० टक्के लोकांनी लस घेतली तरी उरलेल्या दहा टक्क्यांना तिचा काडीचा आधार नाही. शेजाऱ्याने घेतलेली लस तुम्हाला वाचवत नाही, कारण तुमचा धोका शेजाऱ्याकडून येतच नाही, बांधावरून येतो. दर वर्षी नवी मुले पंधराची होतात, नवे मजूर कामाला येतात. त्या प्रत्येकाला लस द्यावी लागते. हे काम कधी ‘पूर्ण’ होत नाही.

यशातून आणखी एक पेच निर्माण झाला आहे. रुग्ण घटले, म्हणजे बरे झालेले लोकही घटले, आणि उपचाराचा प्लाझ्मा तर त्यांच्याच रक्तातून मिळतो. शिवाय रुग्णच पाहिले नाहीत तर नवा डॉक्टर ताप आठ दिवसांत ओळखणार कसा? आजार कमी झाला की त्याच्याशी लढण्याची सवयही कमी होते. उंदराच्या बाजूने मात्र काहीच कमी झालेले नाही.

सरकारी यंत्रणेत तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, मोहीम चालवायला आम्ही वाईट नाही. साथ आली की रात्रंदिवस राबतो. आम्हाला जमत नाही ते रुग्ण नसताना करायचे काम. आकडा शून्यावर आला की फाइलवर शेरा पडतो, ‘आवश्यकता राहिलेली नाही’. पद रिकामे राहते, गाडी दुसऱ्या योजनेला जाते. वन्य प्राण्यातून येणाऱ्या आजारात शून्य हा आकडा काम संपल्याचा पुरावा नसतो. काम चालू असल्याचा असतो.

हे दूरदेशीचे गाऱ्हाणे नाही. हुनीन विषाणू सापडला त्याच्या आदल्याच वर्षी, १९५७ मध्ये, कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एका नव्या तापाचा शोध लावला. आपण त्याला माकडताप म्हणतो. वाहक गोचीड, मरतात माकडे, आणि रुग्ण जंगलात लाकूडफाट्याला, काजूच्या बागेत जाणारे लोक. २०१५ च्या सुमारास तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दिसला. त्याचीही लस होती, सरकारी संस्थेनेच बनवलेली. ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागे, संरक्षण अपुरे पडे, लोक कंटाळत. अखेर २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. निरुपयोगी लस थांबवणे योग्यच. पण ती कमी पडते आहे हे अनेक वर्षे दिसत असताना तिच्या जागी दुसरी तयार नव्हती, हे योग्य नाही. आता नव्या लसीचे काम सुरू आहे. दोन ताप एकाच सुमारास सापडले. एकाला ९५ टक्के परिणामकारक लस मिळून तीन दशके झाली, दुसऱ्याचे रुग्ण अजून वाट पाहत आहेत.

अर्जेंटिना फार स्थिर देश आहे असे नाही. लष्करी राजवटी, चलनवाढ, दिवाळखोरी हे सगळे त्याने याच काळात भोगले. तरी पेर्गामिनोची संस्था तग धरून राहिली, कारण रोगाच्या मुलखातच तिचे घर होते. डॉक्टर, उंदीर पकडणारे जीवशास्त्रज्ञ आणि लस बनवणारे एकाच आवारात होते आणि ते तिथून हलले नाहीत.

म्हणून माकडतापाची नवी लस येईल तेव्हा माझी मागणी उद्घाटनाची नाही. मला पाहायचे आहे ते दहाव्या वर्षी काय होते ते. दोडामार्गच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, रुग्ण एकही नसलेल्या हंगामात, फ्रिजमध्ये लस आहे का? मेलेल्या माकडाची खबर कुणी घेते का? गोचिडी गोळा करणाऱ्या माणसाचे पद भरलेले आहे का? आणि काजूच्या दिवसांत ताप घेऊन आलेल्या बाईला तिथला नवा डॉक्टर विचारतो का, ‘‘ताई, काम काय करता?’’